सायकल आडवी का येते?

सकाळी दहा-साडेदहाच्या सुमारास वाशिम जिल्ह्यातल्या एखाद्या फाट्यावर उभे राहिले, तर शाळेकडे निघालेली सायकलींची रांग दिसते. तीत मुलींची संख्या नजरेत भरण्याइतकी असते. याला कारणही आहे. राज्याच्या मानव विकास कार्यक्रमात शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या, आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली दिल्या जातात आणि वाशिम हा या कार्यक्रमातील जिल्ह्यांपैकी एक आहे. पायी तासभर लागणारी शाळा सायकलीमुळे वीस-पंचवीस मिनिटांवर आली. त्यामुळे सातवीनंतर घरी बसली असती अशी कितीतरी मुले-मुली वर्गात दिसू लागली, हे आपण शिक्षक जाणतोच.

सायकल मिळाली, पण तिच्यासाठी रस्ता मात्र वेगळा मिळालेला नाही. अकोला–वाशिम–हिंगोली हा राष्ट्रीय महामार्ग असो, कारंजा–शेलुबाजार–मालेगाव हा जुना रस्ता असो की रिसोड-मानोऱ्याकडचे रस्ते असोत, सायकलस्वाराच्या वाट्याला येते ती कडेची पांढरी रेघ आणि तिच्या पलीकडची साइडपट्टी. दुपदरी महामार्गावर ही डांबरी साइडपट्टी साधारण दीड मीटर रुंद असते. कागदोपत्री तिला सायकलमार्ग म्हणत नाहीत, पण व्यवहारात आपल्या मुलांचा सायकलमार्ग तोच. आणि याच पट्टीवर ट्रक उभा राहतो, गिट्टीचा ढीग पडतो, ऊस किंवा कडबा भरलेली ट्रॉली थांबते, ऑक्टोबरात सोयाबीन पसरले जाते.

मग एखाद्या दिवशी अपघात होतो. पारावर, चहाच्या टपरीवर आणि बहुतेक वेळा बातमीतही एकच वाक्य येते : ‘सायकल अचानक आडवी आली.’ हे वाक्य खरे की खोटे हे ठरवायला फार मोठे शास्त्र लागत नाही. आठवी-नववीच्या पुस्तकातली गती, घर्षण आणि जडत्व ही प्रकरणे पुरतात. म्हणून या वाक्याची तपासणी आपण वर्गातच करू या.

समजा, आठवीतली एक मुलगी ताशी १२ किलोमीटर वेगाने साइडपट्टीवरून चालली आहे. पुढे एक ट्रक उभा आहे. ट्रकची रुंदी साधारण अडीच मीटर, साइडपट्टी दीड मीटर. म्हणजे चालकाने ट्रक डांबराच्या अगदी कडेला लावला, तरी एक मीटर भाग मुख्य रस्त्यात राहतोच. आणखी खाली मातीत तो का उतरवत नाही, असे कोणी विचारील. आपल्याकडची काळी माती पावसाळ्यात भरलेल्या ट्रकचे चाक कसे धरते, हे ज्याने एकदा पाहिले आहे तो असे विचारणार नाही. चालकाचीही अडचण आहे, ती लक्षात ठेवू.

आता मुलीने काय करायचे? तिला पांढरी रेघ ओलांडून मुख्य रस्त्यावर यावे लागते. सायकलची मूठ अर्धा-पाऊण मीटर रुंद असते, पण चालत्या सायकलला थोडे डुलायला जागा लागते, म्हणून तिला एक मीटर धरू. ट्रकपासून निदान ३० सेंटिमीटर अंतर ठेवायचे. रस्त्याची एक मार्गिका साडेतीन मीटरची. त्यातून ट्रकचा एक मीटर, अंतराचे ३० सेंटिमीटर आणि सायकलचा एक मीटर वजा केला, तर उरतात एक मीटर २० सेंटिमीटर. साधी मोटारगाडीसुद्धा सुमारे एक मीटर ७० सेंटिमीटर रुंद असते. याचा अर्थ, समोरून वाहन येत असेल तर मागच्या मोटारीला पुढे जायला जागाच नाही. तिने थांबले पाहिजे, निदान सायकलच्या वेगाने मागून आले पाहिजे.

हे सगळे किती वेळ चालते? ट्रकच्या दहा मीटर आधी मुलीने आत यायला सुरुवात केली, ट्रकची लांबी दहा मीटर धरली आणि पुन्हा कडेला जायला पाच मीटर लागले, तर एकूण अंतर २५ मीटर. ताशी १२ किलोमीटर म्हणजे सेकंदाला ३.३ मीटर. म्हणजे साडेसात सेकंद ती मुख्य रस्त्यावर आहे. तेवढ्या वेळात ताशी ६० किलोमीटर वेगाची मोटार १२५ मीटर अंतर कापते, ताशी ८० वेगाची १६० मीटरपेक्षा जास्त. निघण्यापूर्वी मुलीने मागे पाहिले आणि शंभर मीटरपर्यंत रस्ता मोकळा दिसला, तरी तिचे ‘मोकळा’ हे उत्तर चुकीचे ठरू शकते.

मागे पाहणे हीसुद्धा वाटते तितकी साधी गोष्ट नाही. आपण रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतो, म्हणून मागचे पाहायला मान उजवीकडे वळवावी लागते. मान वळली की खांदा वळतो, खांद्याबरोबर हात आणि हाताबरोबर हँडल. म्हणजे रस्ता मोकळा आहे की नाही हे पाहण्याच्या प्रयत्नातच नवशिकी मुलगी रस्त्यात ओढली जाते. हे मैदानावर दाखवता येते. प्लॅस्टिकच्या बाटलीच्या बुडाला बारीक भोक पाडून, पाणी भरून ती कॅरिअरला बांधावी. मुलाला फक्कीने आखलेल्या सरळ रेषेवरून सायकल चालवायला सांगावे. मागे उभ्या असलेल्या दुसऱ्या मुलाने बोटे वर करावीत आणि सायकलस्वाराने मागे पाहून ती किती आहेत ते सांगावे. पाण्याची रेघ त्या ठिकाणी उजवीकडे किती सरकली हे मोजपट्टीने मोजावे. दप्तर पाठीवर असताना आणि नसताना असे दोन्ही प्रयोग केले तर फरक पाहण्यासारखा असतो.

दुचाकीच्या तोलाची आणखी एक गंमत आहे. सायकल उजवीकडे वळवायची असेल, तर ती आधी उजवीकडे कलावी लागते, आणि तशी कलण्यासाठी पुढचे चाक क्षणभर किंचित डावीकडे जावे लागते. आपण हे नकळत करतो, म्हणून ते खरे वाटत नाही. पण याचा परिणाम असा, की डाव्या बाजूला अगदी जवळ ट्रकची फळी असेल तर सायकलस्वाराला उजवीकडे वळणे अवघड होते, कारण आधी डावीकडे जायला जागाच उरत नाही. त्यामुळे अडथळा बऱ्याच आधीपासून टाळायला सुरुवात करावी लागते. जो सायकलस्वार लवकर आत येतो तो खरे तर शहाणा. त्यालाच मागचा चालक म्हणतो, ‘एवढ्या लांबून मधोमध कशाला आला?’

आता मोटारीच्या बाजूने पाहू. फूटपट्टी सोडून ती बोटांत पकडण्याचा प्रयोग आपण सर्वांनी केलेला आहे. पट्टी २० सेंटिमीटर घसरून पकडली, तर प्रतिक्रियेला सेकंदाचा पाचवा भाग लागला. पण तिथे आपण तयारीत बसलेलो असतो. रस्त्यावर दिसणे, ओळखणे, ठरवणे आणि पाय ब्रेकवर नेणे या सगळ्याला दीड सेकंद लागतो असे धरणे वाजवी आहे. आपल्याकडे रस्त्यांची आखणी करताना तर अडीच सेकंद धरतात. दीड सेकंद धरला आणि ब्रेक लागल्यावर वेग दर सेकंदाला सहा मीटर प्रतिसेकंद या दराने कमी होतो असे मानले, तर ताशी ४० वेगाची मोटार सुमारे २७ मीटरमध्ये थांबते आणि ताशी ६० वेगाची ४८ मीटरमध्ये. इथपर्यंत विद्यार्थी सहज येतात. मग त्यांना विचारावे : ४० वेगाची मोटार जिथे पूर्ण थांबली, त्याच जागी ६० वेगाच्या मोटारीचा वेग किती असेल? बहुतेक मुले ‘वीस’ म्हणतात. उत्तर आहे ताशी सुमारे ५७. कारण तोवर तिचे २५ मीटर नुसत्या प्रतिक्रियेत गेलेले असतात, ब्रेक लागून जेमतेम दोन मीटर झालेले असतात. ५७ किलोमीटर वेगाची धडक बसल्यावर सायकलस्वार जगण्याची आशा फार थोडी.

या हिशेबात एक गृहीत लपलेले आहे. चालकाला सायकल आत येणार हे माहीत नव्हते, असे आपण धरले. पण ते खरे आहे का? मागून येणाऱ्या चालकाला दूरवरून दोन गोष्टी दिसतात : साइडपट्टीवर चाललेली सायकल, आणि त्याच पट्टीवर तिच्या पुढे उभा असलेला ट्रक. सायकल ट्रकमधून आरपार जाणार नाही. ती थांबेल किंवा आत येईल, तिसरा मार्ग नाही. म्हणजे सायकल आत येण्याची सूचना चालकाला कित्येक सेकंद आधी मिळालेली असते. फक्त ती सूचना ट्रकच्या रूपात असते, हात दाखवण्याच्या रूपात नसते. ‘अचानक’ हा शब्द रस्त्याचे वर्णन करत नाही. चालक काय पाहत होता आणि काय पाहत नव्हता, एवढेच तो सांगतो. वळणावर, चढावर किंवा अंधारात गोष्ट वेगळी. तिथे चालकालाही खरोखरच दिसत नाही. पण मग तशा जागी ट्रक उभा करणाऱ्याचा दोष आणखी वाढतो.

ट्रकइतकाच सोयाबीनचा विचार करायला हवा, आणि तो जरा हळुवारपणे. वाशिम हा सोयाबीनचा जिल्हा. पीक निघते त्याच सुमारास परतीचा पाऊस येतो. हमीभावाच्या खरेदीत दाण्यातील ओलावा साधारणपणे १२ टक्क्यांपर्यंतच चालतो. २०२४ च्या हंगामात केंद्र सरकारने ही मर्यादा १५ टक्क्यांपर्यंत सैल केली, यावरून प्रश्न किती मोठा आहे ते कळते. घरोघरची खळी गेली, अंगणे लहान झाली. उन्हाने तापलेले काळे डांबर दाणे वाळवायला उत्तम, शिवाय फुकट. म्हणून शेतकरी रस्त्यावर येतो, आणि माल चाकाखाली जाऊ नये म्हणून कडेने दगड मांडतो.

गोल, कडक दाणे आणि त्याखाली कडक डांबर ही सायकलच्या दृष्टीने फार वाईट जोडी आहे. यंत्रातले छर्रे जे काम करतात तेच इथे दाणे करतात : सरकत्या घर्षणाऐवजी लोळते घर्षण आणतात. वर्गात एका गुळगुळीत फळीवर लाकडी ठोकळा ठेवून फळी हळूहळू तिरपी करावी आणि ठोकळा घसरू लागतो तो कोन मोजावा. मग ठोकळ्याखाली मूठभर सोयाबीन पसरून पुन्हा मोजावा. कोन एवढा कमी होतो की मुले हसतात. चारचाकी गाडीचे एक चाक घसरले तरी ती उभी राहते. सायकलचे पुढचे चाक घसरले की स्वार जमिनीवर असतो, तोही बहुधा रस्त्याच्या आतल्या बाजूला. म्हणून दाणे पाहून सायकलस्वार बाहेरून वळसा घेतो. पुन्हा तीच गोष्ट : सायकल ‘आडवी’ येते.

मग दोष कोणाचा? कायद्यात याला निश्चित उत्तरे आहेत, आणि ती फारशी कोणाला माहीत नसतात. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १२२ प्रमाणे इतरांना धोका किंवा अडथळा होईल अशा रीतीने सार्वजनिक जागी वाहन उभे ठेवता येत नाही. २०१७ च्या वाहनचालन विनियमांत पदपथ आणि सायकलमार्ग यांवर वाहन उभे करण्यास मनाई आहे. वाहनाशिवाय इतर कोणत्याही वस्तूने, म्हणजे गिट्टीने किंवा धान्यानेही, सार्वजनिक रस्त्यावर अडथळा केला तर तो भारतीय न्याय संहितेच्या कलम २८५ खाली गुन्हा आहे. जुन्या दंडविधानात यासाठी कमाल दंड २०० रुपये होता, आता तो ५,००० पर्यंत आहे. रस्ता बांधणाऱ्यांनाही यातून वगळलेले नाही. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १९८-अ प्रमाणे, रस्त्याची रचना मानकांप्रमाणे न केल्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आले तर संबंधित यंत्रणेला किंवा कंत्राटदाराला एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

नुकसानभरपाईच्या दाव्यात मात्र एक वेगळी कल्पना पुढे येते. जखमी व्यक्तीचा स्वतःचाही हलगर्जीपणा असेल, तर त्या प्रमाणात भरपाई कमी होते. ‘सायकल अचानक आडवी आली’ या वाक्याची किंमत इथे रुपयांत मोजली जाते. पण कायद्याने या बाबतीत पूर्वीच विचार केलेला आहे. इंग्लंडमध्ये १८१६ साली एक खटला चालला. घोडागाडीचा सदोष लगाम वाटेत तुटला, गाडी उलटणार असे वाटून एका प्रवाशाने खाली उडी मारली आणि पाय मोडून घेतला. गाडी मात्र उलटली नाही. बसून राहिला असता तर काही झाले नसते, असे गाडीमालकाचे म्हणणे. न्यायाधीशांनी ज्यूरीसमोर ठेवलेला मुद्दा असा होता, की दुसऱ्याच्या चुकीने माणूस संकटात सापडला आणि त्या घटकेला शहाण्या माणसाने केले असते ते त्याने केले, तर परिणामाची जबाबदारी चूक करणाऱ्याची. प्रवासी जिंकला. उभ्या ट्रकला वळसा घालणारी मुलगी या प्रवाशाहून वेगळी नाही.

आपल्या सर्वोच्च न्यायालयासमोर सप्टेंबर २०२४ मध्ये असेच प्रकरण आले होते. महामार्गावर दिव्यांविना, कोणतीही खूण न ठेवता उभ्या असलेल्या मोठ्या ट्रकवर मागून मोटार आदळली होती. खालच्या पातळीवर मोटारचालकाचाही दोष धरून भरपाई कमी केली गेली. सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य केले नाही; वाहन अशा रीतीने सोडून जाणाऱ्याकडेच जबाबदारी ठेवली.

तिथे ट्रक निदान धडकेत सापडला होता. आपल्या मुलीच्या बाबतीत तसे नसते, आणि मला वाटते खरी गोम इथेच आहे. तिला धडकते मागची मोटार. ट्रक कोणालाही शिवलेला नसतो. गर्दी जमेपर्यंत तो निघूनही गेलेला असतो. पंचनाम्यात रस्ता मोकळा दिसतो, आणि मोकळ्या रस्त्यावर मधोमध पडलेली सायकल पाहिली की तिचीच चूक वाटते. म्हणून असा प्रसंग दुर्दैवाने आलाच, तर जखमीला दवाखान्यात पोचवण्याची व्यवस्था झाल्याबरोबर कोणीतरी उभ्या वाहनाचा क्रमांक दिसेल असे छायाचित्र घ्यावे आणि ते पांढऱ्या रेघेच्या किती आत होते हे पावलांनी का होईना मोजून लिहून ठेवावे. आज प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे.

सायकलस्वाराची चूक कधीच नसते असे मात्र नाही. विरुद्ध बाजूने येणे, ब्रेक नादुरुस्त ठेवणे, मागे लाल परावर्तक नसणे, तिघींनी गप्पा मारत ओळीने चालणे, हे सगळे आपण रोज पाहतो आणि त्याबद्दल रागावतोही. पण रागावण्याला मर्यादा आहेत. स्वीडनमधील बालमानसशास्त्रज्ञ स्टीना सँडेल्स यांनी १९६० च्या दशकात मुलांच्या रस्त्यावरील वागण्याचा अभ्यास केला. त्यांचा निष्कर्ष असा, की लहान मुलांना कितीही शिकवले तरी ती वाहतुकीला पुरती जुळवून घेऊ शकत नाहीत, कारण तेवढी वाढच झालेली नसते. म्हणून वाहतूकच मुलांना जुळवून घ्यायला हवी. नेदरलँड्समध्ये १९७१ साली रस्त्यांवर तीन हजारांहून अधिक माणसे मेली, त्यांत चारशेवर मुले होती. पालक रस्त्यावर उतरले आणि आज ज्या सायकलमार्गांचे जगात कौतुक होते त्यांची सुरुवात त्या काळातली आहे. तिथे आता मोटारीची धडक पायी चालणाऱ्याला किंवा सायकलस्वाराला बसली आणि तो १४ वर्षांखालचा असला, तर भरपाईची जबाबदारी जवळजवळ पूर्णपणे मोटारीच्या बाजूची असते.

नुसता वेगळा मार्ग आखून भागत नाही, हे आपल्याच राज्यात दिसले आहे. मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलात २०११ साली आखलेला सायकलमार्ग लवकरच उभ्या मोटारींनी व्यापला. पुण्यातही सायकलमार्गांवर दुचाक्या, फळांच्या गाड्या आणि विजेच्या पेट्या अशी दाटी झालेली लोकांनी पाहिली आहे. मार्ग अडला की सायकलस्वार मुख्य रस्त्यावर येतो, आणि मोटारचालक ओरडतो, ‘तुमच्यासाठी वेगळा रस्ता दिलाय ना!’ अडलेला मार्ग हा मार्ग नसण्यापेक्षाही वाईट ठरतो तो असा; दोष देण्याला तो आधार पुरवतो.

आपल्या भागात वेगळा मार्ग मागण्याला आधार आहे का? आहे. भारतीय रोड काँग्रेसच्या १९६२ सालच्या शिफारशींत एक साधा निकष दिला होता. गर्दीच्या तासात १०० ते २०० मोटारवाहने जात असतील आणि सायकली ४०० किंवा अधिक असतील, तर वेगळा सायकलमार्ग करावा. वाहने तासाला २०० पेक्षा जास्त असतील, तर १०० सायकलीसुद्धा पुरेशा. मार्गाची रुंदी निदान दोन मीटर. ही मोजणी आठवी-नववीची मुले शाळेच्या कुंपणाच्या आत बसून, शाळा भरण्यापूर्वीच्या तासात करू शकतात. चार दिवसांच्या नोंदींचा तक्ता ग्रामपंचायतीला आणि सार्वजनिक बांधकाम विभागाला देता येतो. आकडे असले की अर्जाचे वजन वाढते. सोयाबीनसाठी वाळवणाचे ओटे ही मागणीही त्याच अर्जात घालायला हरकत नाही, कारण अर्ज घेऊन जाणाऱ्या मुलांपैकी निम्म्यांच्या घरचे सोयाबीन त्या रस्त्यावर असते.

मोजणीबरोबर अडथळ्यांचा नकाशाही करावा. येण्याच्या वाटेवर साइडपट्टीवर काय होते, कुठे होते आणि ते टाळायला सायकल पांढऱ्या रेघेच्या आत किती पावले गेली, एवढे तीन रकाने पुरेत. चौथा रकाना दगडांसाठी ठेवावा. ट्रक बंद पडला की चालक खूण म्हणून मागे दगड मांडतो, ट्रक दुरुस्त झाला की निघून जातो आणि दगड तिथेच राहतात. संध्याकाळी पाचनंतर परतणाऱ्या मुलांना ते दिसत नाहीत, आणि ते उचलून बाजूला ठेवायला कोणाची परवानगीही लागत नाही.